अटीचं घर

आमच्या गावाला मुळात माती नव्हती. होता तो खडक, आणि खडकाला लागून समुद्र. आयर्लंडमधल्या गॉलवे शहराच्या पश्चिमेला किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता जातो, त्या रस्त्यावर हे गाव आहे. इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रातलं शेवाळ आणि वाळू टोपल्यांत भरून पाठीवर वाहिली, खडकावर पसरली, कुजवली आणि त्यातून वीतभर माती तयार केली. त्या मातीत बटाटे लावले. जागा मोकळी करताना जे धोंडे निघाले त्यांच्या भिंती रचल्या, त्याही सिमेंट-चुना काही न लावता, आणि त्या अजून उभ्या आहेत. हे सगळं मी आल्यागेल्याला इतक्या ऐटीत सांगते, की ऐकणाऱ्याला वाटावं माझ्याच आजोबांनी टोपल्या वाहिल्या. माझे आजोबा नागपूरला रेल्वेत क्लार्क होते.

'आमचं गाव' हे दोन शब्द मला फुकट मिळालेले नाहीत. ते कसे मिळाले, तेच सांगायला बसले आहे.

२०२० च्या फेब्रुवारीत आम्ही इथे राहायला आलो. त्याआधी डब्लिनमध्ये, सँडीफोर्डला होतो. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, घरातून निघून दहा मिनिटांत ऑफिसात. मी मेडिकल उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत क्वालिटीचं काम करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते. नवऱ्याच्या मते हे काम मी घरीही करते. मला गॉलवेला चांगली नोकरी लागली, शहरातली भाडी ऐकून डोळे पांढरे झाले, आणि ऑफिसातल्या एकीच्या ओळखीने या गावातलं घर भाड्याने मिळालं. घर नवं होतं, मालक डब्लिनला राहत होता. ठरलं असं होतं की मी आणि सात वर्षांची लेक इथे राहू आणि नवरा शनिवार-रविवार येत जाईल. तो दोन-तीन वेळा आला असेल-नसेल, तेवढ्यात मार्चमध्ये सगळी ऑफिसं बंद झाली. तो लॅपटॉप घेऊन आला तो इथलाच झाला.

गाव आयरिश बोलणारं. आयर्लंडमध्ये शाळेत आयरिश सगळेच शिकतात आणि शाळा सुटली की बहुतेक जण विसरतात. पण घरात, दुकानात, भांडणात हीच भाषा वापरणारी काही गावं अजून आहेत, त्यातलं हे एक. रस्त्यावरच्या पाट्यांवर इंग्रजी नाव नाही. पोस्टमन, शाळा, चर्च, बोटी दुरुस्त करणारा, सगळा कारभार आयरिशमध्ये. मला हे येण्याआधी माहीत होतं आणि त्याची थोडी मजाच वाटत होती. लेक पटकन शिकेल, आपणही चार शब्द शिकू, असा विचार.

पहिल्याच आठवड्यात दूध आणायला दुकानात गेले. दाराबाहेर असतानाच आतला गलका ऐकू येत होता. पाच-सहा बाया, एक म्हातारे गृहस्थ, काउंटरमागे दुकानदारीण, आणि सगळे एकदम बोलत होते. मी आत पाऊल टाकलं आणि आवाज थांबला नाही, फक्त भाषा बदलली. कोणी कोणाला खूण केली नाही. अर्धं वाक्य आयरिशमध्ये गेलं असेल तर उरलेलं इंग्रजीत आलं. "हवा काय घाण आहे ना?" असं एकीने मला हसून विचारलं. सगळ्यांनी मला बोलण्यात घेतलं, लेकीचं कौतुक केलं. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "किती चांगली माणसं आहेत रे."

चांगली होतीच. टाळेबंदीत घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, तेव्हा कोणीतरी फाटकावर बटाट्यांची पिशवी अडकवून जायचं, कोणीतरी सोडा ब्रेड. पण मी दिसले की भाषा बदलायची. शाळेच्या फाटकापाशी, समुद्रावर, दुकानाबाहेरच्या रांगेत. मला ते कळायला वेळ लागला, कारण मी नागपूरची आहे. आमच्याकडे दोन मराठी माणसं भाजीच्या गाडीवर अर्धा तास हिंदीत घासाघीस करतात आणि निघताना कळतं की दोघंही मराठीच. घोळक्यात एक अमराठी आला की दहा जण हिंदीवर येतात, त्याला मराठी कळत असली तरी. आम्ही याला मनाचा मोठेपणा म्हणतो. म्हणून इथेही मला तो मोठेपणाच दिसला.

शेजारच्या बाईंची ओळख आता करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. वय सत्तरीच्या पुढे, उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की आमच्या बंद खिडकीतून आत यायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं बोस्टनला आणि डब्लिनला. इथल्या आयरिश कॉलेजात उन्हाळ्यात शहरातली शाळकरी मुलं भाषा शिकायला येतात. तीन आठवडे गावातल्या घरांमध्ये राहतात, दिवसा वर्ग, संध्याकाळी नाच. ज्या घरात ती राहतात तिथल्या बाईला 'बान अन टी' म्हणतात, म्हणजे घरची बाई. तिच्या घरात इंग्रजी चालत नाही. पहिल्यांदा सापडलं तर ताकीद, पुढे सापडलं तर सरळ घरी रवानगी, मग बाप कितीही बडा असो. शेजारच्या बाईंनी लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्याला अशी मुलं ठेवली होती. त्यांच्या हातचं जेवून आयरिश शिकलेले लोक आता वकील आहेत, डॉक्टर आहेत, हे त्या स्वतःच सांगायच्या आणि वर आपल्या ॲपल टार्टची तारीफही स्वतःच करायच्या. विनय त्यांच्याजवळ नव्हता. मला त्या म्हणूनच आवडल्या.

२०२० च्या उन्हाळ्यात मुलं आलीच नाहीत. बाईंच्या घरातल्या दोन खोल्यांमधल्या खाटा चादरी न घालता तशाच राहिल्या. त्या एकदा भिंतीपलीकडून म्हणाल्या, "जूनमध्ये एवढी शांतता असते हे मला माहीतच नव्हतं." अर्थात हे त्या इंग्रजीतच म्हणाल्या.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत घरमालकाचा फोन आला. त्याला घर विकायचं होतं. आम्हाला पहिला मान, किंमतही रास्त. मी फोन ठेवला आणि लगेच पडद्यांची मापं घ्यायला लागले, इतकं ते घर मला हवं होतं. मग वकिलाने कागद बघून सांगितलं की या घराला अट आहे. गावात नवं घर बांधायची परवानगी देताना काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनाने घातलेली अट, की इथे राहणाऱ्या कुटुंबात रोजचा व्यवहार आयरिशमध्ये करू शकणारं मोठं माणूस हवं. तोंडी परीक्षा द्यावी लागते. आमची वेळ पुढच्या ऑगस्टची ठरली. पास झालो तर घर आपलं, नाही तर मालक दुसरं गिऱ्हाईक बघणार.

नवऱ्याने लगेच नास नावाच्या गावातली घरं बघायला सुरुवात केली. "अगं, नास ग्रँड आहे. डब्लिन जवळ, आपले कितीतरी लोक आहेत तिथे, गणपती पण बसतो. इथे काय, दगड आणि पाऊस."

"तू बघ तुझं नास," मी म्हटलं. "मी परीक्षा देते."

"तुला? आयरिश? यार, आपल्याला दुधाला काय म्हणतात ते पण आठवत नाही."

मला चीड आली, कारण खरंच आठवत नव्हतं.

आता परीक्षा म्हटली की आमच्यासारख्यांना एकच मार्ग माहीत. पाठांतर. मी पुस्तकं मागवली, फोनवर ॲप घेतलं, संभाव्य प्रश्न काढले, प्रत्येकाचं उत्तर लिहून घोकलं. माझं कुटुंब, माझं काम, माझे छंद, गावातलं हवामान. कपडे वाळत घालताना घोकलं, पोळ्या लाटताना घोकलं. स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या, म्हणजे इथल्या भाषेत कपाटांच्या, दारांना चिठ्ठ्या डकवल्या. लेक एव्हाना शाळेत फडाफडा आयरिश बोलत होती, पण माझ्याशी एक शब्द बोलायला तयार नव्हती. "मॅम, प्लीज स्टॉप. इट्स सो एम्बॅरसिंग," एवढंच तिचं योगदान. मी मराठीत ओरडायचे, ती आयरिश धाटणीच्या इंग्रजीत उत्तर द्यायची. आणि दुकानात जाऊन मी घोकलेलं एखादं वाक्य टाकलं की दुकानदारीण म्हणायची, "वा, किती छान!" आणि लगेच इंग्रजीत विचारायची, "अजून काय देऊ?"

जानेवारीत गावातले एक म्हातारे वारले. बोटी बांधणारे होते, बाईंचे लांबचे नातलग. चर्चमध्ये तेव्हा दहाच माणसांना परवानगी. पण इथे मयताला न जाणं म्हणजे काय, हे सांगणं कठीण आहे. मेलेल्या माणसाशी तुमचं वीस वर्षं बोलणं नसेल तरी तुम्ही जाता. मग लोकांनी यावर तोड काढली. प्रत्येक कुटुंब आपापल्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि शवपेटीची गाडी माणसाच्या चालीने अख्ख्या गावातून जायची. इथल्या प्रार्थनेचे दोन भाग असतात. पहिला अर्धा एकाने म्हणायचा, उरलेला अर्धा बाकीच्यांनी. तर गाडी पुढे जाईल तसं एका घराने पहिला भाग म्हणायचा आणि पुढच्या घराने दुसरा, अशी ती प्रार्थना गाडीबरोबर फाटकाफाटकाने चालायची.

आम्ही तिघंही काळे कोट घालून उभे राहिलो. थंडी होती, वारा पडलेला, त्यामुळे लांबून आवाज स्पष्ट येत होते. वरच्या वळणावरचं घर, मग शाळेशेजारचं, मग पोस्टमनचं. शेवटी बाई त्यांच्या फाटकात. त्यांनी पहिला अर्धा भाग म्हटला, खणखणीत, आणि थांबल्या. पुढचं घर आमचं होतं.

आम्हाला येत नव्हतं. गाडी आमच्यासमोरून जात होती आणि आम्ही मान खाली घालून उभे होतो. ती शांतता किती वेळ टिकली असेल? फार नाही. पलीकडच्या घरातल्या माणसाने लांबून, आमच्या डोक्यावरून, उरलेली ओळ उचलली आणि प्रार्थना पुढे गेली. कोणी आमच्याकडे बघितलंही नाही. पण मी क्वालिटीवाली आहे. ओळीत एक नग खराब असला तर मला तो दिसतोच, आणि या ओळीत तो नग आमचं घर होतं. अट कशासाठी घातली होती ते मला त्या क्षणी कळलं. आम्ही हे घर इंग्रजीच्या जोरावर घेतलं असतं तर प्रार्थनेतलं ते भोक कायमचं राहिलं असतं. आणि दुकानात माझ्या एकटीसाठी सहा जणांनी भाषा बदलायची, म्हणजे मी जिथे जाईन तिथे ते भोक माझ्याबरोबर जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी गेले. बाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मी इंग्रजीतच, आणि बऱ्यापैकी रागात म्हटलं, "तुम्ही लोक मला आयरिश यायला हवं अशी अट घालता आणि मी समोर आले की इंग्रजीत बोलता. मी शिकायचं कुठून? भिंतीकडून?"

"अगं, पाहुण्यासमोर त्याला न कळणारं बोलणं वाईट दिसतं," बाई म्हणाल्या.

"मी पाहुणी नाहीये. मला इथे राहायचंय."

बाई दाणे टाकायच्या थांबल्या. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या आजीच्या गळ्यात शाळेत दोरीने एक काठी बांधलेली असायची. आयरिश शब्द तोंडातून गेला की काठीवर एक खाच. संध्याकाळी जेवढ्या खाचा तेवढे फटके. आईबापांनीही याला मान्यता दिलेली, कारण बोटीत बसून अमेरिकेला जायचं तर इंग्रजी हवी. "तेव्हापासून आम्ही दारात परका दिसला की इंग्रजी बोलतो. त्याला आम्ही चांगल्या वागण्याची रीत म्हणतो."

"रीत आहे की भीती आहे?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या. आणि हे सांगताना त्यांची मान ताठ होती. "पण फटके खाऊनही आजी माझ्याशी दुसऱ्या कुठल्याच भाषेत बोलली नाही. मरेपर्यंत नाही."

मी म्हटलं, "मग मला तुमच्याकडे ठेवा. उन्हाळ्यातल्या मुलांना ठेवता तसं. तेच नियम, तीच शिक्षा."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आयरिशमध्ये काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही. मी विचारलं, "काय?" तर पाठ फिरवून घरात निघून गेल्या. नियम लागू झाला होता.

त्यानंतर त्या बाई माझ्याशी इंग्रजीचा एक शब्द बोलल्या असतील तर शपथ. आणि एवढ्यावर थांबल्या नाहीत, गावभर हुकूम सोडला. चार दिवसांनी दुकानात गेले तर दुकानदारीण माझ्या इंग्रजीकडे अशी बघत राहिली जणू मी चिनी बोलतेय. गॅसचं सिलिंडर हवं होतं. मी हातवारे केले, चित्र काढून दाखवलं, शेवटी मोडकंतोडकं आयरिश जोडून मागितलं तेव्हा कुठे मिळालं. दुकानातल्या बाया तोवर गप्पा मारत होत्या, आयरिशमध्येच, माझ्याकडे वळून माझंही मत विचारत होत्या. मला दहातला एक शब्द कळत होता, पण पहिल्यांदाच त्या दुकानातला गलका माझ्यामुळे बदलला नव्हता.

पोस्टमन तर कहर. आईने नागपूरहून पाठवलेलं सावजी मसाल्याचं पार्सल त्याने हातात उंच धरलं आणि आयरिशमध्ये विचारलं, यात काय आहे, कोणी पाठवलं, कशात घालतात. तीन आठवडे वाट बघितलेलं पार्सल! मी सगळं सांगितलं. व्याकरणाची पार वाट लागली असेल, पण मटणापर्यंत पोचले. त्याने पार्सल दिलं आणि टोपीला हात लावला.

बाईंनी मला खरोखरच तेरा वर्षांच्या मुलीसारखं ठेवलं. टाळेबंदीमुळे एकमेकांच्या घरात जायला बंदी होती, म्हणून सगळं भिंतीच्या दोन बाजूंना. सकाळी त्या अंगणातून हाक मारायच्या आणि खाटा आवरल्या का विचारायच्या. अडतीस वर्षांची बाई मी, टीमची मॅनेजर, "हो, आवरल्या," म्हणून सांगायचे, आणि आतून नवरा हसायचा, कारण आवरलेल्या नसायच्या. संध्याकाळी त्या त्यांच्या बाकावर बसून बटाटे सोलायच्या, मी माझ्या पायरीवर कांदे चिरायचे, आणि बोलायचं. माझी घोकलेली उत्तरं त्यांनी दोन दिवस ऐकून घेतली. तिसऱ्या दिवशी मी 'माझे छंद' सुरू केलं तर त्यांनी हात वर केला. छंद कोणाला हवेत, म्हणाल्या, सासूबद्दल सांग. सासूबद्दल बोलायला माझ्याजवळ शब्द नव्हते, पण बोलायची इच्छा दांडगी होती. शब्द आले.

एकदा गरम तवा बाहेर पायरीवर ठेवताना चटका बसला आणि तोंडातून इंग्रजी शिवी गेली. बाईंनी बोट आमच्या दाराकडे दाखवलं. "घरी जा." मला वाटलं गंमत करताहेत. दोन दिवस माझ्या हाकेला ओ दिली नाही. नवरा म्हणाला, "अगं, एवढं काय सीरियस घेतेस, मुलांचे नियम आहेत ते." पण मला ते मनापासून आवडलं होतं. लहान मूल असो की शेजारीण, बाईंचा नियम एकच होता.

मे महिन्यात माझ्या कोथिंबिरीवरून जे झालं ते आता गावात पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. इथल्या थंडीत मी खिडकीत रोपं वाढवून, जपून बाहेर वाफ्यात लावली होती. बाईंच्या कोंबड्या भिंतीवरून आल्या आणि वाफा साफ केला. मी बाहेर आले, बघितलं आणि माझा तोल गेला. मी भिंतीवर हात आपटून ओरडायला सुरुवात केली. या कोंबड्या आहेत की चोर, भिंत कशाला बांधली तुमच्या पूर्वजांनी, शोभेला? मी महिनाभर वाढवलं आणि तुमच्या पक्ष्यांनी पाच मिनिटांत गिळलं! बाई बाहेर आल्या आणि त्याही तेवढ्याच आवाजात, की कोंबड्यांना काय कळतं, वाफ्यावर जाळी कोणी टाकायची, आणि असलं ढेकणासारखा वास येणारं गवत लावतंच कोण. कोथिंबिरीला ढेकूण म्हटल्यावर मी त्यांच्या ॲपल टार्टवर आले. ते आंबट असतं, हे मी वर्षभर पोटात ठेवलं होतं. ते बाहेर काढलं.

नवरा दारात, लेक त्याच्यामागे, पोस्टमन सायकल धरून रस्त्यावर. लेक माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढं सगळं मी आयरिशमध्ये बोलले होते. बाईंच्याही लक्षात आलं. पण त्या हसल्या नाहीत, वा किती छान म्हणाल्या नाहीत. "आंबट?" म्हणाल्या आणि दार आपटून आत गेल्या. मी त्या संध्याकाळी इतकी खूश होते की नवऱ्याला वाटलं माझं डोकं फिरलं. माझ्याशी कोणीतरी खरंखुरं भांडलं होतं, दाराशी आलेल्या परक्या बाईशी भांडत नाहीत.

तीन दिवसांनी भिंतीवर अंड्यांची टोपली होती. मी त्यात सावजी मसाल्याची पुडी ठेवून टोपली परत केली. विषय संपला, टार्टची साखर मात्र वाढली.

त्या उन्हाळ्यातही मुलं आली नाहीत. गावातल्या दोन घरांनी आता यापुढे मुलं ठेवणार नाही असं सांगून टाकलं, बायांची वयं झाली होती. कॉलेज चालायला पुरेशी घरं राहतील का, अशी कुजबुज दुकानात मला ऐकू यायला लागली. पूर्ण वाक्यं कळायला लागली होती, त्यामुळे काळज्याही कळायला लागल्या.

ऑगस्टमध्ये परीक्षा झाली, व्हिडिओवर. समोर एक मध्यमवयीन गृहस्थ आणि एक तरुण बाई. मी नीट केस बांधून, कुर्ता घालून बसले. पहिले दोन प्रश्न मी घोकले होते तेच निघाले, आणि मी उत्तर सुरू केलं तर गृहस्थांनी सौम्यपणे हात वर केला. पुस्तकी उत्तर त्यांनी ओळखलं होतं. मला नास दिसायला लागलं.

मग त्या बाईने विचारलं, "शेजाऱ्यांशी कसं आहे तुमचं? पटतं का?"

"रोज पटत नाही," मी म्हटलं. आणि मग सुटलेच. कोंबड्या, कोथिंबीर, टार्ट. खाटा आवरल्याचं खोटं सांगणं. आमच्या फाटकापाशी अडखळलेली प्रार्थनाही सांगितली. मी पाणी पिऊन पुढे सांगितलं. गृहस्थांनी घड्याळाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "मग टार्ट खरंच आंबट होतं?"

सप्टेंबरमध्ये निकाल आला. पास. नवऱ्याने नासच्या घरांची यादी फोनमधून काढून टाकली आणि, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, माझ्याआधी तोच रडला. मी बेसनाचे लाडू घेऊन धावत भिंतीपाशी गेले. बाईंना सांगितलं. त्यांनी लाडू घेतला, अर्धा खाल्ला, मान डोलावली. मला वाटलं आता मिठी नाही तरी कौतुकाचा एखादा शब्द येईल.

"मधल्या खोलीत खाटा किती मावतील?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"पुढच्या जूनमध्ये मुलं येणार. माझ्याकडे चार, तुझ्याकडे चार. मुलीच सांगितल्यात, मुलगे फार खातात."

मी म्हटलं, "बाई, वेड लागलंय का? मी कालची शिकलेली. डब्लिनच्या मुली माझ्या घरात राहून कसलं आयरिश शिकणार? मीच चुकते."

"शिकवायला मास्तर आहेत. घरात फक्त इंग्रजीला दाद न देणारी बाई लागते. ते तुला जमतं. तुझा स्वभाव तसाच आहे."

"पण कॉलेजवाले मला कशी परवानगी देतील? त्यांना विचारायला हवं, नाव द्यायला हवं..."

"नाव दिलंय."

"आज? निकाल तर मला आत्ता कळला."

बाईंनी बोटांना लागलेलं बेसन एप्रनला पुसलं. "मे महिन्यात दिलंय," त्या म्हणाल्या. "टार्टला आंबट म्हणालीस, त्याच संध्याकाळी."